परम कशाचा बनला होता? कमी पैशात पहिला कॉम्प्युटर जोडणाऱ्या संशोधकांसाठी थोडा इतिहास

२०२४च्या सप्टेंबरात पुण्याशी संबंधित दोन उद्घाटनं तीन दिवसांच्या अंतराने झाली, आणि दोन्ही पडद्यावरूनच झाली. २६ तारखेला ‘परम रुद्र’ नावाचे तीन सुपरकॉम्प्युटर देशाला अर्पण करण्यात आले. त्यातला एक पुण्यातल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी होता. त्याच दिवशी पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला होता, त्यामुळे जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो २९ तारखेला सुरू झाली. आम्हा स्वारगेटकरांना अर्थातच दुसरी बातमी मोठी वाटली. पण या लेखाचा विषय पहिल्या बातमीत दडलेला आहे.

‘रुद्र’ भारतीय बनावटीचा म्हणून ओळखला जातो. त्याचे सर्व्हर सी-डॅकने डिझाइन केलेत, हे खरं. आत बसवलेले प्रोसेसर मात्र इंटेलचे झिऑन आहेत, हेही तितकंच खरं. मग ‘बनवला’ म्हणजे नक्की काय केलं?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण पीएच.डी.ला प्रवेश घेणारे ज्युनिअर्स दरवर्षी मला त्याचंच छोटं रूप विचारतात. ‘ताई, डेस्कटॉप जोडून घ्यायचाय. प्रोसेसर कुठला घेऊ? ग्राफिक्स कार्ड लागेल का? एवढ्या पैशात बसेल का?’ ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे. त्यातून खोलीचं भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे गेले की कॉम्प्युटरसाठी जे उरतं ते फार नसतं, आणि चुकीचा भाग घेतला तर तो बदलायला पुन्हा वर्षभर थांबावं लागतं. म्हणजे प्रश्न हौसेचा नाही. तुमची पुढची चार-पाच वर्षं कुठल्या आकाराची गणितं करू शकतील, हे त्यावर ठरतं.

माझं उत्तर असं आहे: भाग निवडणं हे खरेदीचं काम नसून संशोधनाचं काम आहे. पुण्यातच त्याचा एक उत्तम नमुना घडलेला आहे, १९८८ ते १९९१ या काळात. तो नीट समजून घेतला तर ‘कुठला प्रोसेसर’ हा प्रश्न आपोआप तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर जातो. पण त्याआधी कॉम्प्युटरचे भाग सुटे मिळायला कसे लागले ते थोडक्यात पाहू.

भाग सुटे झाले कसे?

आज आपण एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीची रॅम आणि तिसरीचा एसएमपीएस घेतो, आणि ते एकमेकांत बसतात. हे नैसर्गिक नाही. १९७०च्या दशकापर्यंत मोठा कॉम्प्युटर म्हणजे एकाच कंपनीचं अख्खं यंत्र. भागही तिचेच आणि दुरुस्तीही तिचीच.

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. वेळ कमी होता म्हणून त्यांच्या गटाने बाहेरचे तयार भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ होता. फ्लॉपी ड्राइव्ह पंजाबात जन्मलेल्या सिरजंग लाल टंडन यांच्या अमेरिकेतल्या कंपनीचे होते. बोर्डवर जादा कार्डं लावायला पाच स्लॉट मोकळे ठेवले होते आणि त्यांची तांत्रिक माहिती पुस्तकात छापून दिली होती. आयबीएमचं स्वतःचं असं मुख्यतः एकच कुलूप उरलं होतं, ते म्हणजे बायोस हा छोटा प्रोग्रॅम. कॉम्पॅकने मूळ कोड न पाहता तसंच वागणारा बायोस नव्याने लिहिला आणि १९८३मध्ये आपलं यंत्र विकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी फिनिक्स कंपनी असा बायोस कोणालाही विकू लागली. कुलूप उघडलं. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं. बोर्डवरची स्क्रूची भोकं, एसएमपीएसचं कनेक्टर, मागच्या पोर्टांची जागा, सगळं त्यात ठरलेलं होतं. तुमच्या कॅबिनेटवर आजही एटीएक्स लिहिलेलं असतं ते यामुळे.

त्या मोकळ्या स्लॉटचा आपल्या भाषेशीही संबंध आहे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केलं. १९८८मध्ये ते काम पुण्याला सी-डॅकमध्ये आलं. जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवर चालणाऱ्या, देवनागरीचा गंधही नसलेल्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटायची. मूळ यंत्र बनवणाऱ्यांनी मराठीचा विचार कधीच केला नव्हता. त्यांनी स्लॉट मोकळा ठेवला होता, एवढंच पुरेसं ठरलं. बोर्ड घेताना रिकामे स्लॉट मोजा असं मी म्हणते तेव्हा माझ्या डोक्यात हे उदाहरण असतं.

सुटे भाग आपल्यापर्यंत कधी पोचले?

१९७८मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. परकीय चलन नियमन कायद्याखाली मालकीचा मोठा हिस्सा सोडायची तिची तयारी नव्हती. त्यानंतरची काही वर्षं कॉम्प्युटर म्हणजे परवाना, कोटा आणि भरमसाट आयात शुल्क. नोव्हेंबर १९८४च्या नव्या कॉम्प्युटर धोरणाने भागांच्या आयातीवरचं शुल्क कमी केलं आणि खासगी उत्पादकांना वाट मोकळी केली. १९९१नंतर परवान्यांची पकड आणखी सैल झाली. १९९७मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटर व त्याच्या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने २००५पर्यंत शून्यावर आलं.

या तीन पायऱ्यांवरून ‘असेंबल्ड कॉम्प्युटर’ आपल्या घरात आला. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस ही त्याची ठिकाणं. २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी कोर्सने तालुक्याच्या गावातही कॉम्प्युटर शिकणारे तयार केले. मग ब्रँडेड परवडत नाही म्हणून ओळखीच्या मुलाकडून जोडून घेतलेला पीसी, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि शेजारी स्टॅबिलायझर, हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी होतं. तो जोडणारा ‘ओळखीचा मुलगा’ आपल्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात फारसा कुठे नोंदवलेला नाही. खरं तर आयात धोरण घरापर्यंत पोचवलं ते त्याने.

परम ८०००: तयार भागांचा सुपरकॉम्प्युटर

आता मुख्य गोष्टीकडे. ‘अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारला, म्हणून आपण परम बनवला’ हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असतं. त्यात तथ्य आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी मिळाला, पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवं असलेलं अधिक ताकदीचं यंत्र निर्यात-निर्बंधांत अडकलं. मार्च १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर संचालक झाले. उद्दिष्ट होतं तीन वर्षांत सेकंदाला १०० कोटी गणितं करणारं यंत्र, म्हणजे एक गिगाफ्लॉप. खर्चाची मर्यादा होती सुमारे ३० कोटी रुपये.

पण नकार हे ‘का’चं उत्तर झालं. ‘कसं’चं उत्तर त्यात नाही. नकार तर अनेक देशांना मिळत होते.

त्यांच्यासमोरचे पर्याय मांडून पाहा. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर स्वतः घडवायचा, तर त्यासाठी चिप बनवणारा प्रगत कारखाना हवा. आपला मोहालीचा सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स १९८९मध्ये आगीत सापडला, आणि तो धड असता तरी ही झेप मोठीच होती. दुसरा मार्ग म्हणजे बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने घेऊन त्यांच्याकडून एकत्र काम करून घ्यायचं. अख्खं यंत्र निर्बंधात होतं, पण त्या ताकदीला पोचवतील असे भाग विकत मिळत होते.

त्यांनी निवडला तो ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर. ही चिप १९८७ची. सर्वांत वेगवान म्हणून ती घेतली असं समजू नका. एकट्या टी-८००चा वेग दीड मेगाफ्लॉपच्या घरात होता. म्हणजे एक गिगाफ्लॉप गाठायचा तर अशा शेकडो चिप्स हव्यात. तिचं वैशिष्ट्य दुसरं होतं. प्रत्येक चिपवर शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे तयारच होते, प्रत्येकी सेकंदाला २० मेगाबिटपर्यंत. दशांश अपूर्णांकांची गणितं करणारा भागही त्याच चिपवर होता. एकाचा दुवा दुसऱ्याला जोडत गेलात की जाळं तयार. वेगळं नेटवर्क कार्ड नको.

इथे छोटा हिशेब करू, कारण पुढे तो लागणार आहे. एक आकडा ६४ बिटांचा. २० मेगाबिटच्या दुव्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त तीन लाखांच्या आसपास आकडे जातील. त्याच सेकंदात चिप पंधरा लाख गणितं करते. म्हणजे एक आकडा शेजाऱ्याकडे पोचेपर्यंत चिपची पाच गणितं होतात. हे गुणोत्तर समतोल म्हणावं असं आहे. हवामान किंवा द्रवाच्या प्रवाहाच्या गणितात शेजारच्या चौकटीकडून आलेला प्रत्येक आकडा पाचपेक्षा जास्त वेळा सहज वापरला जातो, म्हणून चिप रिकामी बसत नाही.

१९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. ६४ ट्रान्सप्युटरची यंत्रणा, आणि आणखी वाढवता येईल अशी रचना. त्याची एक प्रत मॉस्कोतल्या संस्थेतही बसवली गेली. मग यात ‘आपलं’ काय होतं? बोर्डांची रचना, जोडणी, शेकडो चिप्सवर काम वाटून देणारं ‘पारस’ हे सॉफ्टवेअर, आणि त्यावर चालणारी वैज्ञानिक गणितं. चिप ब्रिटिश होती. काही जणांना हे सांगितलं की परमचं मोल कमी झाल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. चिप विकत घेणं कोणालाही शक्य होतं. ६४ चिप्सना एकाच गणितावर कामाला लावणं तेव्हा जगात थोड्यांनाच जमत होतं.

आणखी एक गोष्ट. परम एकटा नव्हता. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८६मध्येच इंटेलचे ८०८६ आणि ८०८७ एकत्र जोडून ‘फ्लोसॉल्व्हर’ बनवला होता. विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचं गणित हा त्यांचा प्रश्न, आणि तो यंत्राच्या नावातच आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंटेलच्या आय-८६० चिप्सवर ‘अनुपम’ तयार होत होता. तीन शहरांतले तीन गट साधारण एकाच काळात एकाच उत्तरापाशी पोचतात तेव्हा एका नकाराची आणि एका नायकाची गोष्ट अपुरी पडते. १९८०च्या दशकात ताकदवान चिप्स सुट्या मिळू लागल्या होत्या, हे तिन्ही गोष्टींच्या मुळाशी आहे. इतिहासाचं वाचन करताना हा प्रश्न नेहमी विचारा: हेच दुसरीकडेही घडत होतं का? घडत असेल तर समान कारण शोधा.

मग ट्रान्सप्युटरचं काय झालं?

इथून पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्याला तोच जास्त उपयोगी आहे.

इनमॉस ही कंपनी ब्रिटिश सरकारच्या पैशावर १९७८मध्ये सुरू झाली, १९८४मध्ये थॉर्न-ईएमआयला आणि १९८९मध्ये एसजीएस-थॉमसनला विकली गेली. पुढची चिप टी-९००० फार रेंगाळली आणि आली तेव्हा बाजार तिच्यापुढे निघून गेलेला होता. म्हणजे परम ज्या पायावर उभा होता, त्या पायाचा पुढचा थरच आला नाही.

सी-डॅकने परम ८६०० या पुढच्या यंत्रात गणितासाठी इंटेलची आय-८६० घेतली आणि निरोप पोचवण्याचं काम ट्रान्सप्युटरांकडे ठेवलं. आता मघाचा हिशेब पुन्हा करू. आय-८६०चा कागदावरचा वेग ६० ते ८० मेगाफ्लॉप. दुवा मात्र तोच, सेकंदाला तीन लाख आकड्यांचा. म्हणजे एका दुव्यावरून एक आकडा जाईपर्यंत प्रोसेसरची दोनशेच्या आसपास गणितं होऊ शकतात. दुवे वाढवले तरी दरी मोठीच राहते. प्रोसेसर चाळीस-पन्नासपट वेगवान झाला, पण त्याच्या पुढ्यात आकडे आणून टाकणारी वाट तेवढी रुंदावली नाही. त्यात आय-८६०ची आणखी एक गंमत होती. साध्या कंपाइलरने तयार केलेला कोड कागदावरच्या वेगाच्या छोट्या अंशापर्यंतच पोचायचा. खोक्यावरचा आकडा आणि हातात येणारा आकडा यांतला फरक शिकवायला संगणनाच्या इतिहासात आय-८६०चं उदाहरण हमखास देतात.

पुढे सी-डॅकने दिशा बदलली. १९९८च्या परम १००००मध्ये सन कंपनीचे, बाजारात सर्रास मिळणारे अल्ट्रास्पार्क प्रोसेसरचे सर्व्हर वापरले आणि स्वतःची मेहनत घातली ती ‘परमनेट’ या नेटवर्कवर. २००३च्या परम पद्मात आयबीएमचे पॉवर-४ आले. प्रोसेसर बदलत राहिले. आणि जोडणीचं ज्ञान पुढच्या यंत्रात जात राहिलं.

साध्या पीसींचा जमाव

१९९४मध्ये अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ प्रोसेसरचे १६ साधे पीसी इथरनेटने जोडले, त्यावर लिनक्स टाकलं आणि नाव दिलं ‘बिओवुल्फ’. त्यातले भाग कुठल्याही दुकानात मिळणारे होते. इथरनेट कमी पडतं हे लक्षात आल्यावर त्यांनी प्रत्येक यंत्राला दोन इथरनेट जोडण्या दिल्या. पुन्हा तेच: पैसा वाटेवर खर्च केला.

आपल्याकडचं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचं आहे. जीएमआरटीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. गोविंद स्वरूप यांनी त्या दोरांवर ताणलेल्या तारांच्या जाळीच्या बनवल्या, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही कमी झाले. या अँटेनांचे संदेश एकत्र गुणणारं यंत्र सुरुवातीला खास घडवलेल्या चिप्सचं होतं. २०१०च्या सुमारास त्याजागी तयार एडीसी कार्डं, लिनक्सचे पीसी आणि गिगाबिट इथरनेट यांवर चालणारी सॉफ्टवेअरची यंत्रणा आली. पुढे दुर्बिणीचा विस्तार झाला तेव्हा एफपीजीए बोर्ड आणि ग्राफिक्स कार्डं आली. गेम खेळणाऱ्यांसाठी वाढलेलं तंत्र आता आकाशगंगांसाठी वापरलं जातंय.

आता तुमच्या टेबलाकडे

या सगळ्यातून निघणारा क्रम मी ज्युनिअर्सना असा सांगते.

पहिलं, गणिताचा आकार मोजा. तुमचा सर्वांत मोठा डेटा मेमरीत एकावेळी किती जागा घेतो? ३०,००० बाय ३०,०००चं मॅट्रिक्स, प्रत्येक आकडा ८ बाइट, म्हणजे ७.२ जीबी. ५०,००० बाय ५०,००० झालं की थेट २० जीबी. आकार दुपटीलाही पोचला नाही, पण मेमरी जवळपास तिप्पट लागली. शिवाय बरीच गणितं करताना त्याच मॅट्रिक्सची दुसरी प्रतही लागते. १६ जीबी रॅम असेल तर इथे जगातला सर्वोत्तम प्रोसेसरही डिस्ककडे बघत बसेल. म्हणून माझ्या यादीत रॅम प्रोसेसरच्या आधी येते.

दुसरं, वेळ कुठे जातो ते मोजा. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला मुद्दा साधा आहे. कामाचा १० टक्के भाग एकामागोमाग एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, एकूण वेग दहापटीच्या वर जात नाही. तुमचा कोड खरोखर अनेक कोअर वापरतो का, हे विभागातल्या कॉम्प्युटरवर आधी तपासा. वापरत नसेल तर जास्त कोअरचा महाग प्रोसेसर घेऊन निम्मं यंत्र झोपलेलं राहील. त्यापेक्षा कमी पण वेगवान कोअरचा घ्या.

तिसरं, वाट रुंद ठेवा. डीडीआर-४ ३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहते. दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर ५१.२ जीबी. म्हणून ३२ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा १६ जीबीच्या दोन घ्या, आणि चार स्लॉटचा बोर्ड परवडत असेल तर तो घ्या. पुढे आणखी दोन लावता येतील. परम ८६००चा धडा तो हाच.

चौथं, ट्रान्सप्युटर आठवा. आज घेतलेल्या बोर्डवर तीन वर्षांनी काय बसेल? एएमडीचा एएम-४ हा सॉकेट २०१६मध्ये आला आणि रायझनच्या पहिल्या पिढीपासून ५००० मालिकेपर्यंत चालला. ज्यांनी सुरुवातीला स्वस्त प्रोसेसर घेतला, त्यांना अनेक बोर्डांवर फक्त बायोस अपडेट करून पुढचा बसवता आला. याउलट डीडीआर-४च्या बोर्डवर डीडीआर-५ बसत नाही, दोन्हींच्या खाचाच वेगळ्या आहेत. संपत आलेला सॉकेट स्वस्तात मिळतो, आणि काही वेळा तो घेणं शहाणपणाचंही असतं. फक्त ‘हे यंत्र पुढे वाढणार नाही’ हे माहीत असताना घ्या.

पाचवं, एसएमपीएसवर काटकसर नको. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो बाजूला ठेवा. सिम्युलेशन तीन दिवस सलग चालतं तेव्हा घरातल्या विजेचे चढउतार सोसणारा भाग हाच असतो. ८० प्लस प्रमाणपत्र पाहा आणि छोटा यूपीएस बजेटमध्ये आधीच धरा. पावसाळ्यात वीज गेली तर तीन दिवसांचं गणित पुन्हा पहिल्यापासून करण्यापेक्षा हा खर्च कमीच असतो.

सहावं, ग्राफिक्स कार्ड शेवटी. तुमचं सॉफ्टवेअर ते वापरत असेल तर घ्यायचं, आणि तेव्हाही वेगाआधी कार्डवरची मेमरी पाहायची. मॉडेल तिथे मावलं नाही तर वेगाचा काही उपयोग नाही. मोठ्या कामासाठी संस्थेच्या क्लस्टरवर खातं मागा. पुण्यात आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे, तो राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधूनच उभा राहिला. घरचं यंत्र कोड लिहायला आणि छोट्या आकारावर तपासायला. मोठी धाव तिकडे. सुरुवातीला साध्या डिस्प्लेपुरता प्रोसेसरमधलाच ग्राफिक्स भाग पुरतो, फक्त तुम्ही घेताय त्या प्रोसेसरमध्ये तो आहे ना, हे पाहून घ्या. सगळ्यांत नसतो.

भावांबद्दल मी मुद्दाम आकडे देत नाही. रॅम आणि ग्राफिक्स कार्डांचे भाव सोन्यासारखे हलतात. दोन-तीन दुकानांतून एकाच यादीचं लेखी कोटेशन घ्या, ऑनलाइन दराशी ताडून पाहा. कच्च्या पावतीवर काही पैसे वाचतील, पण बोर्ड आठ महिन्यांनी बंद पडला की वॉरंटीसाठी जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावरचा सिरीयल नंबर लागतो. सातारा-सांगलीकडून एसटीने येणाऱ्यांसाठी सोयीची गोष्ट म्हणजे स्वारगेटला उतरून मेट्रोने एकच स्टेशन गेलं की मंडई, आणि तिथून तपकीर गल्ली व अप्पा बळवंत चौक दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. पुस्तकं आणि भाग एकाच फेरीत होतात.

याचा संशोधनाशी काय संबंध?

माझ्या मते सरळ संबंध आहे. पीएच.डी.चा प्रस्ताव लिहितानाही आपण हेच करतो. वेळ ठरलेला असतो, पैसे ठरलेले असतात, आणि हवी ती उपकरणं मिळणार नसतात. तेव्हा ‘मला क्रे मिळाला असता तर’ असं म्हणत बसता येतं, किंवा माझ्या प्रश्नातली सर्वांत अरुंद वाट कुठली हे शोधता येतं. सी-डॅकच्या गटाने टी-८०० निवडला तेव्हा वेगाच्या तक्त्यातली पहिली चिप घेतली नाही. त्यांच्या कामाला जोडणी सर्वांत महत्त्वाची होती, म्हणून जोडणी सोपी करणारी चिप घेतली. ती निवड पुढे टिकली नाही, कारण चिप बनवणारी कंपनीच टिकली नाही. पण निवडीमागचं कारण स्पष्ट होतं, त्यामुळे पुढचा भाग निवडताना त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. माझं सर्वांत मोठं गणित केवढं आहे? ते सध्या कुठे अडतं? आणि तीन वर्षांनी ते किती वाढेल? हा कागद गाइडना दाखवा, विभागातल्या सिनिअरला दाखवा. या तीन ओळी लिहिता येत नसतील, तर कॉम्प्युटर महिनाभर लांबणीवर टाका आणि तोवर विभागाच्या यंत्रावर काम करून आकडे गोळा करा. लिहिता आल्या, तर भागांची यादी त्यांच्याखालीच तयार होत जाईल.